पीठ गार यायला हवं

बाबा, परवा दुपारी एका कॉम्प्युटरच्या डब्यावर तळहात ठेवून उभी होते आणि तोंडातून एकदम तुमच्यासारखं "हं" निघालं. गिरणीत पिठाच्या तोंडाशी हात धरून, मान जराशी उजवीकडे कलती करून तुम्ही जे "हं" करायचात ना, तेच. दुकानात कुणी नव्हतं म्हणून बरं. तुम्हाला जाऊन तेवीस वर्षं झाली आणि तुमचं "हं" माझ्या तोंडात कुठून आलं, याचं मलाच हसू आलं. मग वाटलं, हे सगळं तुम्हाला लिहून काढावं. तुम्हाला कॉम्प्युटर नीट ठाऊक नाही, पण त्याने अडणार नाही. त्या डब्यात बिस्किटाएवढा एक चौकोनी तुकडा असतो, त्याला प्रोसेसर म्हणतात. सगळी आकडेमोड तोच करतो. काम करताना तो तापतो, आणि जितकं भरभर करायला लावाल तितका जास्त तापतो. कंपनीने बांधून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने त्याला पळवायचं, याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. एवढं कळलं की पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

तशी तुमची आणि कॉम्प्युटरची एकदा भेट झालेली आहे. आमचं पुसदचं दुकान तेव्हा नवीन होतं. तुम्ही गावाहून नेरला आणि तिथून बसा बदलत आलात, हातात तुरीच्या डाळीची पिशवी, आणि धोतराच्या सोग्याला कितीही झटकलं तरी राहतंच ते पांढरं पीठ. तुमच्या जावयांनी खुर्ची दिली, पंखा तुमच्याकडे वळवला. तुम्ही बसला नाहीत. चालू मशीनच्या डब्यावर तळहात ठेवून विचारलंत, "आतमंदी काय दळून राह्यलं जावईबापू?" हे म्हणाले, "आकडे, बाबा." "मंग पीठ कुठी पडते?" यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. तुम्ही बराच वेळ पडद्याकडे पाहिलंत, पुन्हा डब्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "गरम येऊन राह्यलं पन." हे त्यानंतर कितीतरी वर्षं, कुठलंही मशीन तापलं की मला हाक मारायचे, "ये वं इकडं, तुझ्या बाबाचं पीठ गरम येऊन राह्यलं." मी उजेडासाठी बॅटरी धरून उभी राहायची आणि हे डबा उघडायचे. दुरुस्तीचं काम मी असंच शिकले, बॅटरी धरून.

वाचायलाही मी गिरणीतच शिकले, नाही का. चौथीनंतर शाळा सुटली, पण गिऱ्हाइकांच्या डब्यांवर लाल रंगाने नावं लिहिलेली असत, आणि कुणाचा डबा कुणाच्या घरी जाऊ नये म्हणून ती नीट वाचावीच लागत. नावं संपली तेव्हा मी विहारातल्या कपाटातली पुस्तकं वाचू लागले. पट्ट्याची फटफट चाललेली, अंगावर पीठ उडतंय आणि मी पोत्यावर बसून वाचतेय. तुम्ही कधी अडवलं नाहीत. फक्त म्हणायचात, "डोया पुस्तकात ठेव, कान दगडावर ठेव." दगडाला टाकी लावली, म्हणजे छिन्नीने त्याचे चरे नव्याने पाडले, की पहिलं दळण कुणाच्या पोटात जाऊ द्यायचं नाही, हा तुमचा नेम होता. त्यात दगडाची कच असायची. त्या पिठाची खळ करून आपण विहारातल्या कार्यक्रमांची पत्रकं चिकटवायचो. मग तुम्ही दगड पारखायचात, तोही भर दुपारी, वरचे पत्रे पेटल्यासारखे झालेले असताना. मी एकदा विचारलं होतं, "सकाळी काहून नाही पाहत बाबा? थंडं असते." तुम्ही म्हणालात, "सकाळी तं कोनताबी दगड शायना असते. गिऱ्हाईक दुपारी येते."

आणि बारा वर्षांची असताना मी जे केलं तेही तुम्हाला आठवत असेलच. तुम्ही गिरणीच्या मोटारीच्या कामासाठी नेरला गेला होतात. विहारातलं पुस्तक संध्याकाळी परत द्यायचं होतं आणि माझी तीस-चाळीस पानं राहिली होती. आपल्याच वस्तीतली ती एकटी राहणारी म्हातारी ज्वारीचा डबा घेऊन आली. लोकांची कणसं मोडून झाली की मागे राहिलेली कणसं ती वाकून वाकून वेचायची, त्यातून जमवलेली ती ज्वारी. मी धान्य भसाभस सोडलं. पीठ जाडं येऊ लागलं तसं चाक पिळून दगड आणखी आवळला. दळण अर्ध्या वेळात झालं. पीठ छान बारीक, पांढरं. डबा उचलताना मात्र पत्र्याचा चटका बसला. म्हातारी डबा घेऊन गेली, मी पुस्तकात शिरले. दुसऱ्या दिवशी ती परत आली. रागावलेली नव्हती. तुम्हाला एवढंच म्हणाली, "भाऊ, भाकर थापता थापता चिरून राह्यली."

तुम्ही तिच्या डब्यात हात घातलात, चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलंत आणि माझ्याकडे पाहिलंत. मारलं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही आपल्या घरच्या ज्वारीतली तेवढीच ज्वारी काढलीत, स्वतः हळूहळू दळलीत, डबा माझ्या डोक्यावर दिलात आणि जळक्या पिठाचा डबा काखेत. "तुले वाटते हे पीठ हाये," तुम्ही म्हणालात. "दिसते तं पीठच. जाय, तिच्या चुलीपाशी बसून याची भाकर खाऊन ये. मंग सांग मले हे काय हाये ते." मी गेले. परत आले तेव्हा तुम्ही दगड उघडून बसला होतात. मान वर न करता विचारलंत, "कशी होती?" मी म्हटलं, "कडू." तुम्ही "हं" केलंत आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाहीत. मी मात्र तो सोडला नाही. कडू भाकरीची गोष्ट मी यांना सांगितली, लेकीला तर घास भरवता भरवता सांगितली.

आता इकडचं सांगते. हे जाऊन तीन वर्षं झाली. एका दुपारी दुकानातून जेवायला आले, पाणी मागितलं, आणि ते पाणी माझ्या हातातच राहिलं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. तुमची तिकडे गाठ पडते असं मी मानत नाही आणि तुम्हीही मानत नव्हता, म्हणून यांना निरोप सांगा असंही लिहीत नाही. दुकान मी बंद केलं नाही. की-बोर्ड विकले, प्रिंटरमध्ये अडकलेले कागद काढले, लोकांच्या मशीनमधली धूळ झटकली. सुटे भाग आणून आख्खं नवीन मशीन मात्र मी एकटीने कधी जोडलं नव्हतं. ते काम यांचं, असं गाव समजत होतं आणि खरं सांगायचं तर मीही समजत होते. लेक नागपूरला असते. दर रविवारी फोनवर तिचं एकच, "आई, दुकान भाड्याने दे ना. शेजारचे मोबाइल कव्हरवाले विचारत आहेत. तू माझ्याकडे ये, आरामात पुस्तकं वाच." पुस्तकांचं आमिष तिला बरोबर ठाऊक आहे.

उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलसावंगीचे शूटिंगवाले भाऊ आले. लग्नांचं शूटिंग करतात आणि घरीच मिक्सिंग करून, म्हणजे तुकडे कापून-जोडून, फिल्म देतात. यांचे जुने गिऱ्हाईक आणि दोस्तही. सोबत खोके होते, वेग वाढवता येतो असा महागातला नवा प्रोसेसर आणि त्याचं बाकीचं सामान. "वहिनी, भाऊ असते तं मी काही विचारलंच नसतं," ते म्हणाले. "पन आता विचारा लागते. जमते का? पुतण्या म्हनते हे पाच पॉइंट दोनच्या स्पीडनं पयते. नाही जमत तं सांगून द्या, रागवाचं काम नाही, मी नांदेडले नेतो." मी म्हटलं, "ठेवून जा. आठ दिवसांनी या." त्या रविवारी मी लेकीलाही सांगून टाकलं, की हे मशीन नीट झालं तर दुकान माझं, आणि नांदेडला गेलं तर पुढच्या महिन्यापासून कव्हरवाल्यांचं. ती म्हणाली, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की." फोन ठेवला आणि खोके उघडायला घेतले.

जोडणं सोपं गेलं. इतकी वर्षं बॅटरी धरली होती, कुठला स्क्रू कुठे ते हाताला पाठ होतं. प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये एक लेप लावतात, तो मी तुरीच्या दाण्याएवढा लावला. मदरबोर्डचं पुस्तक इंग्रजीत. ते शब्दकोश घेऊन चार दिवस वाचलं, पेन्सिलने मराठी लिहीत. मग एके दिवशी सकाळी सहाला दुकान उघडलं. डब्याचं झाकण काढून ठेवलं, समोर टेबलफॅन लावला आणि वेग एकेक पायरी वाढवत गेले. कंपनीचा वेग चार पॉइंट सात. त्यावरून पाच. मग पाच पॉइंट एक. पाच पॉइंट दोनला मशीन निळा पडदा दाखवून बंद पडलं, तेव्हा वीज थोडी वाढवून दिली आणि ते उभं राहिलं. तपासणीचा एक प्रोग्राम असतो, तो प्रोसेसरला नुसता राबवून घेतो. तो तासभर चालवला. उष्णता पंच्याऐंशी अंशांवर, चूक एकही नाही. बाबा, मी एकटीच दुकानात टाळ्या वाजवल्या. पडद्याचा फोटो काढून लेकीला पाठवला. तिने अंगठा पाठवला, सोबत रडका चेहराही.

चहा प्यायला बसले तेव्हा तुम्ही आठवलात. सकाळी कोणताही दगड शहाणा असतो. भाऊ काही सकाळी सहाला मिक्सिंग करणार नाहीत, सकाळी ते लग्नात असतील. त्यांची मिक्सिंगची खोली मी पाहिली आहे. वर पत्रे, खिडकी एक, आणि दिवाळीनंतर कापूस विकला जाईपर्यंत अर्धी खोली कापसाने भरलेली. त्यांच्या जुन्या मशीनच्या जाळीवरून यांनी किती वेळा रुईचा थर सोलून काढला होता, गोधडीचा तुकडा निघावा तसा. मी उठले आणि डब्याचं झाकण लावलं. टेबलफॅन बंद केला. माझ्या जुन्या ओढणीचा तुकडा कापून हवा आत घेणाऱ्या जाळीवर ताणून बांधला, ही त्यांची रुई. आणि दुपारचे दोन वाजायची वाट पाहिली. आमच्या दुकानावरही पत्रेच आहेत.

आता दळायला काय टाकायचं? तपासणीचा प्रोग्राम म्हणजे रिकामी गिरणी. खरी लग्नाची फिल्म हवी. ती माझ्याकडे एकच होती. लेकीच्या लग्नाचं शूटिंग याच भाऊंनी भेट म्हणून केलं होतं आणि न जोडलेले तुकडे एका डिस्कवर यांच्या हवाली केले होते. हे म्हणायचे, सवडीने मिक्सिंग करतो. सवड झाली नाही. डिस्क ड्रॉवरमध्ये होती, तुम्ही मला दिलेल्या दगडाच्या छिन्नीच्या शेजारी. तीन वर्षांत मी तिला हात लावला नव्हता. त्या दुपारी लावला. तुकडे एकामागे एक ओळीने ठेवले, मिक्सिंग वगैरे काही मला येत नाही, आणि तीन तासांची फिल्म बनवायला सोडली. मशीन कण्हायला लागलं. उष्णता शंभरावर जाऊन टेकली. तिथे गेल्यावर प्रोसेसर स्वतःच घाबरून वेग उतरवतो. गंमत पाहा, नंतर तीच फिल्म, तशीच ओढणी ठेवून, कंपनीच्या वेगावर चालवून पाहिली, तर पाच पॉइंट दोनवाली तिच्यापेक्षा अकरा मिनिटं उशिरा तयार झाली होती. पण तयार झाली. मशीन बंद पडलं नाही, चूक म्हणून काही लिहून आलं नाही.

पीठ दिसत होतं, म्हणून मी भाकर थापायला बसले. म्हणजे सगळी फिल्म पाहायला बसले, पहिल्यापासून. पहिला अर्धा तास ठीक. पांढऱ्या कपड्यातली माणसं, वंदना, लेकीचा घाबरलेला चेहरा. आणि मग हे आले. पांढरा सदरा, हातात टॉर्च, जनरेटरवाल्याशी भांडत. ऐन भांडणात यांच्या उघड्या तोंडावर हिरवेगार चौकोन उमटले. क्षणभर होते आणि गेले. पुढे जेवणाच्या पंगतीत, जिलेबी वाढताना, अर्धा सदरा हिरवा. बाबा, मला रडू येईल अशी मी तयारी करून बसले होते, पदर हातात होता. आणि मी हसत सुटले. इतकी हसले की कव्हरवाले डोकावून गेले. "काय झालं काकू?" "काही नाही, पीठ जळलं," मी म्हटलं. ते काही न समजता मान हलवत गेले.

मग वेग उतरवला, पाचवर आणला. दुसऱ्या दिवशी पुन्हा दुपारी दोन, पुन्हा ओढणी, पुन्हा पूर्ण फिल्म. अडीच तास स्वच्छ, आणि पाठवणीच्या वेळी हे भिंतीकडे तोंड करून डोळे पुसतात तिथे एक बारीक हिरवी रेघ. एवढीशी. कुणाच्या लक्षातही आली नसती. मी बराच वेळ त्या रेघेकडे पाहत बसले. मनात आलं, द्यावं असंच. पाच हा आकडा भाऊंना सांगायला बरा. तिसऱ्या दिवशी चार पॉइंट नऊ केलं, वीजही कमी केली. उष्णता चौऱ्याऐंशीच्या वर गेली नाही. डब्यावर तळहात ठेवला, कोमट. तेव्हाच ते "हं" निघालं. तरी फिल्म पूर्ण पाहिलीच. एका आठवड्यात तीन वेळा मी यांना जनरेटरवाल्याशी भांडताना, जिलेबी वाढताना, वरातीत वाईट नाचताना पाहिलं. तिसऱ्यांदा कुठेही रेघ नव्हती. तेव्हा मात्र थोडी रडले. पण ते चांगलं रडू होतं.

आठव्या दिवशी भाऊ आले. "किती झालं वहिनी?"

"चार पॉइंट नऊ."

त्यांचा चेहरा पडला. "पुतण्या तं पाच पॉइंट दोन म्हने."

"होते. सकाळी होते. तुम्ही मिक्सिंग सकाळी करता का?"

"सकाळी कायची? सकाळी तं हळद राह्यते, शूटिंग राह्यते."

मी पाच पॉइंट दोनवर बनवलेली फिल्म लावली. हिरवे चौकोन आले तसे भाऊ खुर्चीतून उठले. "अरे बापा! भाऊले तं पार हिरवा करून टाकला!" हसले, आणि हसता हसता पडद्याजवळ वाकले. मग हळूच म्हणाले, "हे मीच धरला होता कॅमेरा. पाहा, इथी हात हालला माहा. भाऊ असा भांडे ना, मले हासू येऊन राह्यलं होतं." आम्ही दोघांनी ते भांडण पुन्हा एकदा पाहिलं. तेवढ्यात त्यांचं लक्ष जाळीकडे गेलं. "आन हे फडकं कायले बांधलं?"

"ती तुमच्या कापसाची रुई."

त्यांनी हात जोडले. "नवरीच्या बापाले असं हिरवं दाखवलं असतं तं त्यानं मलेच हिरवं करून सोडलं असतं. राहू द्या चार पॉइंट नऊ." मग म्हणाले, "खोटं नाही बोलत वहिनी, नांदेडले मी विचारून ठेवलं होतं. आता नाही नेत. पन हे असं तपासनं तुमाले शिकवलं कोनं? भाऊनं?"

मी त्यांना कडू भाकरीची गोष्ट सांगितली. त्यांनी ती नीट ऐकून घेतली, आणि डबा उचलून जीपमध्ये ठेवताना, लेकराला निजवावं तसा ठेवला. जाताना म्हणाले, महागावला त्यांचे एक शूटिंगवाले दोस्त आहेत, त्यांचं मशीनही इकडेच पाठवतो. संध्याकाळी लेकीला मी चांगली फिल्म पाठवली. तासाभराने तिचा फोन. आधी नुसते हुंदके, मग म्हणाली, "आई, बाबा किती वाईट नाचायचे गं." आणि बऱ्याच वेळाने, "बरं, ठेव तुझं दुकान." कव्हरवाल्यांना मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही, उलट त्यांचा बंद पडलेला लॅपटॉप दाखवला.

तर बाबा, असं सगळं छान झालं. पण भाऊंना ती गोष्ट सांगताना माझी जीभ जरा अडखळली. इतकी वर्षं सांगतेय, कधी अडखळली नव्हती. या वेळी मी खरोखर तीन दिवस बसून सगळं गिळलं होतं, म्हणून असेल. हे पत्र कुठे टाकायचं नाही, मदरबोर्डच्या रिकाम्या खोक्यात पुस्तकाखाली ठेवीन, तेव्हा लिहून टाकते. त्या दिवशी म्हातारीने जळक्या पिठाची एक भाकर थापली. ती तिच्या हातातच तीन तुकडे झाली. म्हातारी खुदकन हसली, तुकडे शेळीला घातले, आणि तुम्ही दळलेल्या पिठाची दुसरी भाकर टाकली. तव्यावरून उतरवलेली, वर तेल-तिखट. माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "खाय माय. आन बापाले सांगजो, कडू होती म्हनून." मी दोन खाल्ल्या. तेवढी गोड भाकर मी पुन्हा कधी खाल्ली नाही.